क्रोशा शिकणाऱ्यांसाठी: आधी टाका दिसू दे

मालवणात माझ्याकडे क्रोशा शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी रुखवतातला रुमाल करायचा असतो. सोबत बारीक पांढरा दोरा आणि पोलादी सुई. ते सामान मी आधी बाजूला ठेवायला लावते. त्या दोऱ्यात टाका दिसत नाही, मग मोजणार काय? सुरुवातीला जाड सुती धागा घ्या, फिकट रंगाचा, आणि ४ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची सुई. लोकर नंतर. मे महिन्यात हाताला घाम असतो, त्यात लोकर सुईवरून नीट सरकत नाही. पोलादी सुया मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्या खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग रुमालावरून जाता जात नाही.

साखळी, म्हणजे फासातून फास ओढत केलेली दोऱ्याची माळ, हाताला बसली की मुका खांब (बुटका टाका), मग खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका). खांबांची सरळ पट्टी घालताना बहुतेकींची पट्टी वर जाता जाता निमुळती होते. याचं कारण कडेला असतं. ओळ उलटवल्यावर घातलेल्या तीन साखळ्या हाच नव्या ओळीचा पहिला खांब, म्हणून पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात घालायचा. आणि ओळीचा शेवटचा खांब खालच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर. हा शेवटचाच हमखास सुटतो. तिथे रंगीत दोऱ्याची खूण बांधा आणि प्रत्येक ओळ मोजा. कंटाळवाणं आहे, पण हात याच मोजण्याने तयार होतो.

गोल रुमालाचंही गणितच: पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. रुमाल वाटीसारखा वळायला लागला तर टाके कमी पडलेत, कडेला झालर पडली तर जास्त झालेत. उसवायला भिऊ नका. क्रोशात सुईवर एकच टाका जिवंत असतो, तेवढा सुईवरून काढून दोरा ओढला की हवं तिथपर्यंत काम सुटतं. बारीक दोरा हे सगळं जमल्यावर हातात घ्या.

रुमाल, तोरणं पावसाळ्यात खळ करून पेटीत ठेवू नका. दमट हवेत बुरशी धरते, आणि खळीला कसर लागते. धुऊन, पूर्ण वाळवून, बिनखळीचीच ठेवा. पातळ पेजेची खळ तोरण लावायच्या आदल्या दिवशी करा आणि पाटावर टाचण्या टोचून आकारात वाळवा.