पेशी ओढली गेली, की नुसतीच फिरली?

हाडांच्या पेशींवर पहिलाच प्रोजेक्ट मिळालेल्यांना माझं एकच आग्रहाचं सांगणं असतं: प्रयोगातल्या छिद्रांच्या पडद्यापलीकडे पेशी दिसल्या म्हणून तिथल्या प्रथिनानं त्यांना ओढलं, असं लगेच लिहू नका.

शरीरात ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड पोखरतात आणि त्या खड्ड्यात नवं हाड घालायला ऑस्टिओब्लास्टच्या, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींच्या, पूर्वज पेशींना तिथवर पोचावं लागतं. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे हाडाच्या पेशींभोवतीच्या घट्ट द्रव्यात, साठलेलं टीजीएफ-बीटा हे प्रथिन या पोखरण्यातूनच मोकळं होतं आणि त्यांना बोलावतं. ही यंत्रणा मला आजही विलक्षण वाटते. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवलं होतं की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं. बीएमपी या हाड घडवून आणणाऱ्या प्रथिनांचा शोध त्यातूनच पुढे लागला.

प्रयोगशाळेत आपण बॉयडन चेंबर किंवा ट्रान्सवेल वापरतो, म्हणजे मधल्या पडद्यानं वर-खाली दोन कप्पे केलेलं भांडं. मधल्या पडद्याला बहुधा ८ मायक्रॉनची छिद्रं, वर सीरम नसलेल्या मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) पेशी आणि खाली प्रथिन. इन्सर्ट (पडदा असलेला वरचा कप्पा) तिरका धरून हळू सोडा. खाली हवेचा बुडबुडा अडकला, तर तेवढ्या भागातल्या पेशींपर्यंत प्रथिन पोचतच नाही. शेवटी वरच्या बाजूच्या पेशी ओल्या कापसाच्या बोळ्यानं पुसायच्या, खालच्या क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवून मोजायच्या. बोळा कडेपर्यंत फिरवा. तिथे राहिलेल्या पेशी आकडा फुगवतात.

आता मुख्य मुद्दा. काही प्रथिनं पेशींना दिशा देत नाहीत, फक्त चळवळ्या करतात. म्हणून एका इन्सर्टमध्ये वर आणि खाली सारख्याच प्रमाणात प्रथिन घाला. तरीही फक्त खाली प्रथिन असताना जातात तितक्याच पेशी पलीकडे गेल्या, तर ते आकर्षण नव्हे. वेगवेगळ्या प्रमाणांची अशी पूर्ण चौकट मांडली की त्याला चेकरबोर्ड म्हणतात. खर्चिक आहे, पण गाईडकडे हट्ट धरा.

ऑस्टिओपॉन्टिन आणि बोन सायलोप्रोटीन या हाडातल्या प्रथिनांचं गणित आणखी वेगळं. त्यांच्यात आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा क्रम असतो आणि पेशी इंटेग्रिन या आपल्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरनं तो पकडतात. हाडात ही प्रथिनं बरीचशी मॅट्रिक्सला चिकटलेली असतात. त्यामुळे ती नुसती मीडियममध्ये विरघळवून भागत नाही. पडद्याच्या खालच्या बाजूला त्यांचा लेप द्या, धुवा आणि मग पेशी सोडा. इथेच ट्रिप्सिन, म्हणजे पेशी प्लेटवरून सुट्या करायचं विकर, हेही आडवं येतं: ते पृष्ठभागावरचे रिसेप्टर कापतं, म्हणून पेशी उचलल्यावर त्यांना थोडी उसंत द्या.

एमसी३टी३-ई१ या ऑस्टिओब्लास्टच्या पूर्वज पेशी वाढवताना अल्फा-एमईएम या मीडियमची बाटली नीट वाचा. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल नसलेलं मीडियम हवं, नाहीतर पेशी प्रयोगाआधीच परिपक्वतेच्या वाटेला लागतात. प्रयोग रात्रभर चालणार असेल, तर मायटोमायसिन-सीनं विभाजन थांबवलेला एक गट जोडीला ठेवा, म्हणजे खालची वाढलेली संख्या स्थलांतराची की विभाजनाची, हे त्याच प्लेटवर कळेल.