गावाला जाताना, रस्त्यावर आणि फोनवर : इंदूरकरांनी चोरी-फसवणूक कशी टाळावी

सुट्ट्या लागल्या की लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर अशा वस्त्यांमधली कितीतरी मराठी कुटुंबे पुण्या-मुंबईकडे किंवा नागपूरकडे निघतात आणि त्यांची घरे आठ-दहा दिवस बंद राहतात. कडीकोयंडा तोडून ऐवज लांबवल्याची बातमी वाचली, की आपण अधिक जाड कुलूप विकत आणतो. कुलूप हवेच, पण घर रिकामे असल्याचे चोराला आधी कळते आणि कुलपाशी तो नंतर येतो, म्हणून बंदोबस्ताची सुरुवात कुलपाच्या आधीपासून करावी.

निघण्यापूर्वी

वर्तमानपत्र आणि दूध बंद करण्यास निदान एक दिवस आधी सांगावे, कारण दारात साचलेले अंक आणि पिशव्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळे सांगून टाकतात. बाहेरून दिसणाऱ्या मोठ्या कुलपापेक्षा दारात बसवलेले आतले कुलूप बरे, कारण घर बंद आहे की आत कोणी आहे, हे त्यावरून ओळखता येत नाही. एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे द्यावी आणि संध्याकाळी पुढचा दिवा लावून रात्री मालवण्याची विनंती करावी. दिवसरात्र जळणारा दिवासुद्धा चुगलीच करतो. प्रवासाची छायाचित्रे परत आल्यावर टाकावीत.

दागिने कपाटाऐवजी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधला ऐवज गेल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. ही रक्कम वडिलोपार्जित सोन्यापुढे तोकडी ठरू शकते, म्हणून प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र, वजन आणि पावती जपून ठेवावी. हॉलमार्क असलेल्या नव्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोरलेला असतो. तो वहीत उतरवून ठेवला, तर दागिना सापडल्यावर तो आपलाच आहे, हे सांगणे सोपे जाते.

घरी नवा भाडेकरू किंवा कामाला माणूस ठेवताना त्याची माहिती जवळच्या ठाण्यात किंवा मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर नोंदवावी. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

रस्त्यात थांबवणारा ‘पोलीस’

सकाळी देवळाकडे किंवा फिरायला निघालेल्या वयस्कर बाईंना मोटारसायकलवरचे दोघे थांबवतात. केस बारीक कापलेले, पायात तपकिरी बूट, हातात क्षणभर दाखवलेले ओळखपत्र. ‘‘माताजी, आगे लूट हो गई है, गहने उतारकर रख लीजिए,’’ असे अत्यंत आदराने सांगितले जाते. तेवढ्यात एक तिसरा वाटसरू येतो, आपली साखळी मुकाट्याने काढून कागदात बांधून घेतो आणि बाईंची शंका फिटते. हा तिसराही त्यांच्यातलाच असतो. मग पाटल्या आणि मंगळसूत्र कागदात ठेवले जाते, ‘पोलीस’ स्वतः पुडी बांधून पिशवीत टाकतो, आणि घरी उघडल्यावर तिच्यात खडे निघतात. पुडीची अदलाबदल हातोहात झालेली असते. दागिने पावडरने चकचकीत करून देतो म्हणणारे दारावर येतात, त्यांचीही नजर आपल्या हातांवरच असते.

यावर उपाय असा : खरा पोलीस रस्त्यात कोणाचे दागिने उतरवून पुडीत बांधत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे. कोणी थांबवलेच, तर न थांबता जवळच्या दुकानात शिरावे, तेथून ११२ क्रमांक लावावा आणि ‘‘मी ठाण्यातच येते’’ एवढेच म्हणावे. समोरच्याने मान राखून बोलले की त्याला नाही म्हणणे आपल्या माणसांना जड जाते, आणि हे ठग त्यावरच पोट भरतात; तेव्हा येथे उद्धट दिसण्याची भीड बाळगू नये.

रंगपंचमीच्या गेरीत (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) पाहताना राजवाड्याच्या गर्दीत पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात ठेवावा. दागिने घालून जाऊच नये.

फोनवरची घाई

यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. त्यामुळे ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हणताच व्यवहार थांबवावा. लग्नाची पत्रिका किंवा वाहनाचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल उघडू नये, कारण ती पत्रिका नसून ॲप असते आणि बसवल्यावर ते बँकेचे ओटीपी वाचू शकते. चुकून बसवले गेलेच, तर फोन ताबडतोब विमान मोडवर टाकून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचे सांगत असेल, तर फोन ठेवून द्यावा, कारण भारतीय कायद्यात अशी अटक नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार साक्षीदार म्हणून चौकशी करायची असली, तरी स्त्रियांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. घरच्यांशी बोलू नका, असे बजावणारा माणूस ठगच समजावा.

पैसे गेलेच, तर

चोरीचा पैसा काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात फिरवला जातो, त्यामुळे आधी नातेवाइकांना विचारत बसण्यापेक्षा लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक समोर ठेवावा. यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी असतो. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्यावा आणि बँकेलाही लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. शरमेपोटी गप्प राहिलेला माणूस हा हक्क घालवून बसतो.

मोबाइल चोरीला गेला असल्यास पोलीस तक्रारीची प्रत घेऊन केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो, तेव्हा आजच *#०६# दाबून तो कागदावर लिहून ठेवावा.

घरफोडी झाली असेल, तर आवरायला हात लावू नये आणि पोलीस येईपर्यंत खोलीत जाऊ नये. कपाटावरचे ठसे पुसले जातात. हद्द आमची नाही, असे सांगून तक्रार नाकारता येत नाही, कारण १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात शून्य एफआयआरची, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवण्याची, तरतूद आहे. माहिती ऑनलाइन दिली असल्यास तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. नोंद घेतलीच नाही, तर इंदूर शहरात २०२१ पासून पोलीस आयुक्तालय असल्यामुळे संबंधित पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवावी.