कट शॉट हुकतोय? बॉल कोणत्या बाजूला गेला ते आधी बघा

पूल, म्हणजे क्यूने (लांब काठीने) पांढरा बॉल मारून रंगीत बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये घालायचा खेळ, शिकायला लागल्यावर सरळ शॉट लवकर जमू लागतो. कट शॉट, म्हणजे रंगीत बॉल तिरका वळवायचा शॉट, मात्र चकवत राहतो. बॉल पॉकेटच्या कडेला आपटतो, आपण ‘थोडक्यात हुकला’ म्हणतो आणि पुढच्या शॉटकडे वळतो. नवशिक्याचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, असं मला मनापासून वाटतं. कारण बॉल कोणत्या बाजूला हुकला, यावरूनच चूक कुठे आहे ते कळतं.

रंगीत बॉल हवा तितका वळला नाही, तर पांढरा त्याला जाड (मध्याच्या जास्त जवळ) लागला. जास्तच वळला, तर पातळ (कडेच्या जास्त जवळ) लागला. रंगीत बॉल डावीकडे वळवायचे आठ-दहा शॉट आणि उजवीकडे वळवायचे तितकेच मारा आणि प्रत्येक वेळी जाड की पातळ एवढंच लिहून ठेवा.

दोन्हीकडे जाड लागत असेल तर

तुम्ही बहुधा स्पर्शबिंदूवर नेम धरताय. पॉकेटकडून रंगीत बॉलच्या मध्यातून सरळ रेघ ओढली, तर ती मागच्या बाजूला जिथून बाहेर पडते तो स्पर्शबिंदू. पांढरा तिथेच टेकायला हवा, हे बरोबर. पण क्यू ज्या रेषेत चालतो ती पांढऱ्याच्या मध्यातून जाते, आणि टेकतो तो पांढऱ्याचा बाहेरचा भाग. पांढऱ्याचा मध्य स्पर्शबिंदूवर रोखला की पांढरा त्याआधीच, जास्त जाड, येऊन धडकतो.

आकडे बघा. बॉलचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर. ३० अंशांच्या कटमध्ये स्पर्शबिंदू आपल्याला रंगीत बॉलच्या मध्यापासून जेमतेम १४ मिलिमीटर बाजूला दिसतो, पण पांढऱ्याचा मध्य रोखायचा असतो २८ मिलिमीटरवर, म्हणजे थेट बॉलच्या कडेवर. १४ वर रोखलात तर बॉल ३० ऐवजी साधारण १५ अंशच वळतो, आणि मीटरभर अंतरावर २५ सेंटीमीटरहून जास्त भरकटतो.

यावर उपाय म्हणजे मनात एक काल्पनिक बॉल ठेवायचा: रंगीत बॉलला चिकटलेला, पॉकेटच्या नेमक्या विरुद्ध बाजूला. पांढऱ्याचा मध्य त्या बॉलच्या मध्यावर पोचवायचा. सुरुवातीला ते डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून खरा बॉलच तिथे ठेवा. क्यूमागे उभं राहून नीट बघा, मग तो उचला आणि शॉट मारा. हा सराव कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. नजर यानेच तयार होते.

नेम बरोबर असूनही बॉल किंचित जाडच जात असेल, तर घर्षणाकडे बघा. धडकेच्या क्षणी पांढरा रंगीत बॉलला स्वतःच्या दिशेने थोडा ओढतो. हळू मारलेल्या, न फिरता सरकत येणाऱ्या पांढऱ्यामुळे हे जास्त होतं, मळलेल्या बॉलवर आणखी. फरक दोन-तीन अंशांचाच. पण ३ अंश म्हणजे मीटरभरावर ५ सेंटीमीटर. बॉल पुसून घ्या आणि अशा शॉटला नेम केसभर पातळ ठेवा.

एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ

इथे भूमितीचा दोष नाही. पांढराच दर वेळी एका बाजूला सरकतोय. उजवीकडचा कट जाड आणि डावीकडचा पातळ होत असेल, तर तो ठरल्यापेक्षा उजवीकडे जातोय. कारणं दोनच शोधा: डोक्याची जागा किंवा क्यूची चाल. हनुवटी क्यूवर डावी-उजवी थोडी हलवून बघा. क्यू जिथून खरोखर सरळ दिसतो ती जागा पक्की करा. चाल तपासायला रंगीत बॉल बाजूला ठेवा आणि पांढरा समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) सरळ मारा. तो परत क्यूच्या टोकाशी आला पाहिजे. येत नसेल, तर नकळत बाजूचा स्पिन लागतोय.

कधी जाड, कधी पातळ, काही नेम नाही

मग बहुतेक वेळा खाली वाकल्यावर नेम बदलला जातोय. मनाला पटत नाही, म्हणून हात ऐन वेळी क्यू वळवतो. दिशा उभं असतानाच ठरवा, त्याच रेषेत पाऊल टाकत वाका. शंका आली तर पूर्ण उभे राहा आणि पुन्हा सुरू करा. बॉल पॉकेटमध्ये पडेपर्यंत डोकं वर नको.

पातळ कटमध्ये आणखी एक गोष्ट नवख्यांना अडवते, ती म्हणजे जोर. ६० अंशांच्या कटमध्ये रंगीत बॉलला पांढऱ्याचा साधारण अर्धाच वेग मिळतो, म्हणून तो वाटेतच थांबतो. पांढरा मात्र बराच वेग राखून पुढे धावतो. तेव्हा थोडा जोर वाढवा, पण त्याआधी पांढऱ्याच्या वाटेत दुसरं पॉकेट येतंय का, तेही बघून घ्या.