हार्ड हा शब्द कुठे कसा वापरायचा

हार्ड म्हटलं की आपण लगेच कठीण असा अर्थ घेतो, पण आधी त्याच्या पुढचा शब्द बघा, अर्थ तिथूनच कळतो. वस्तू असेल तर टणक, पेपर असेल तर अवघड, एव्हिडन्स असेल तर ठोस. हार्ड वॉटर म्हणजे बोअरचं जड पाणी, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम जास्त असतं म्हणून साबणाला फेस येत नाही आणि गीझरमध्ये पांढरा थर बसतो. हार्ड ऑफ हिअरिंग म्हणजे कमी ऐकू येणारा.

खरी गडबड हार्डलीची, आणि हे नीट समजून घ्याच कारण इंटरव्ह्यूत महागात पडू शकतं. 'आय वर्क हार्ड' म्हणजे मी खूप मेहनत करतो, आणि 'आय हार्डली वर्क' म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही! क्विकचं क्विकली होतं म्हणून हार्डचं हार्डली करायला जाऊ नका, क्रियापदानंतर हार्ड तसाच राहतो, 'इट्स रेनिंग हार्ड'. शिवाय हार्डलीत नकार आधीच आहे, म्हणून फोनवर आवाज नीट येत नसेल तर कान्ट न लावता सरळ 'आय कॅन हार्डली हिअर यू' म्हणायचं.