जुनी बुल्टाको शेर्पा जाम असेल तर आधी किकवर उभं राहू नका

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या शेर्पा टी चं (बुल्टाकोची ट्रायल्स मोटरसायकल, तीच, जिच्यावर सॅमी मिलरने १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ही ट्रायल्स स्पर्धा जिंकली) इंजिन फिरत नसेल तर लोक आधी किकवर उड्या मारतात, आणि मग पिस्टन राहतो तिथेच पण किकचे दाते जातात. बहुतेक वेळा भानगड एवढीच असते की सिलिंडरच्या आतल्या लोखंडी लायनरला गंज चढून पिस्टनच्या रिंगा धरून बसलेल्या असतात.

गाडी न्यूट्रलला टाका, प्लग काढा, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून प्लगच्या भोकातून ओता, आणि टू-स्ट्रोक आहे हे विसरू नका, पिस्टन खाली अडकला असेल तर सगळं एक्झॉस्ट पोर्टमधून वाहून जाणार, मग हेड खोलून थेट पिस्टनच्या कडेने सोडा. चार-पाच दिवस रोज थोडं थोडं घालत राहा, घाई नको. अॅसिटोन भयंकर पेट घेतं म्हणून ते पूर्ण उडून जाईपर्यंत हीट गनला हातही लावू नका.

नंतर क्रँकच्या टोकाला असलेल्या मॅग्नेटोच्या नटावर पाना लावून हलकेच मागेपुढे करा, केसभर हलला तरी काम झालंच समजा. तरी नाहीच हलला तर पिस्टनवर सपाट लाकडी ठोकळा ठेवून हळूच टिचक्या मारा. सिलिंडर मात्र पिळून काढायचा नाही, रिंगेचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं. क्रँकच्या सीलांना अॅसिटोन लागलं तरी चिंता नको, ते तसेही बदलायचेच.