अनेक पिढ्यांच्या कौटुंबिक गुपितावर कादंबरी कशी लिहावी

घरातले एखादे गुपित तीन-चार पिढ्यांनंतर उघडकीला येते, या कल्पनेवर कादंबरी लिहू पाहणारा लेखक बहुधा शेवटाकडून विचार सुरू करतो. जुनी पेटी उघडते, पत्र सापडते, कोणी मरणशय्येवर बोलून जाते. हा प्रसंग लिहायला सोपा असल्यामुळे फसवा असतो. गुपित फुटायला एक संध्याकाळ पुरते; ते राखायला मात्र अनेक दशके लागतात, आणि त्या काळात घरातल्या कोणा ना कोणाला रोज काहीतरी टाळावे लागते, विषय बदलावा लागतो, मुलांच्या प्रश्नांना ठरलेली उत्तरे द्यावी लागतात. माझ्या मते अशा कादंबरीचा खरा ऐवज या राखण्यात असतो, आणि पुढच्या पायऱ्या त्याच समजुतीवर आखलेल्या आहेत.

गुपित एका वाक्यात लिहून काढा

‘घराण्यात पूर्वी काहीतरी भयंकर घडले होते’ एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. कोणी, कोणाचे, काय केले आणि का लपवले, हे एका वाक्यात मांडता आले पाहिजे. या लेखापुरते एक कल्पित कथानक घेऊ: १९३८ मध्ये थोरल्या भावाने धाकट्याची खोटी सही करून राहते घर एकट्याच्या नावावर केले; धाकटा कायमचा निघून गेला; पुढच्या पिढ्यांना तो लहानपणीच वारल्याचे सांगण्यात आले; आणि थोरल्याच्या अकरा वर्षांच्या मुलीने ती सही होताना पाहिली होती.

वाक्य तयार झाल्यावर त्याला एक प्रश्न विचारावा: आज हे उघड झाले, तर कोणाचे काय बिघडेल? एका काळी ज्या गोष्टीने माणसे देशोधडीला लागत, ती गोष्ट पणतवंडांच्या काळात कुतूहलापुरती उरलेली असू शकते, आणि मग चारशे पाने वाचलेल्या वाचकाची निराशा होते. गुपिताची गाठ आजही वापरात असलेल्या एखाद्या वस्तूशी, नात्याशी किंवा नावाशी बांधलेली असली की ते जुने होत नाही. आपल्या उदाहरणात ते घर उभे आहे आणि पणतीला ते विकायचे आहे.

सनावळ्या आधी, प्रकरणे नंतर

एका पिढीचे अंतर साधारण २५ ते ३० वर्षे धरले, तर पहिल्या आणि चौथ्या पिढीच्या जन्मांत ७५ ते ९० वर्षांचा फरक पडतो. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय एक ओळही लिहू नये. थोरला भाऊ १९०० चा, धाकटा १९०६ चा, मुलगी १९२७ ची, तिचा मुलगा १९५५ चा आणि पणती १९८४ ची असेल, तर २०१२ मध्ये घर विकायला निघालेली पणती २८ वर्षांची आहे आणि साक्षीदार असलेली तिची आजी ८५ व्या वर्षी हयात असू शकते. कथेचा वर्तमानकाळ पंचवीस वर्षे पुढे सरकवला, तर आजी हाती लागणार नाही आणि सगळी भिस्त कागदांवर येईल. म्हणजे जिवंत साक्षीदार हवा की नको, हा निर्णय प्रत्यक्षात सनावळीतच घेतला जातो.

स्मृतीचे अभ्यासक यान आस्मान यांनी बोलण्यातून पुढे जाणाऱ्या आठवणींची मर्यादा ८० ते १०० वर्षे, म्हणजे तीन-चार पिढ्या, अशी मांडली आहे. या मर्यादेच्या आत घडणारी कादंबरी माणसांना बोलते करण्याची कादंबरी असते. तिच्या बाहेर गेलेली कादंबरी शोधाची होते. दोन्ही चांगल्या होऊ शकतात, परंतु त्यांची गती आणि निवेदन वेगळे असते, आणि एकीची साधने दुसरीत वापरली की संवाद कृत्रिम वाटू लागतात.

वयांची तपासणी आठवणींसाठीही करावी. बहुतेक प्रौढांची सर्वांत जुनी आठवण तीन ते साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. दीड वर्षाच्या वयात पाहिलेले भांडण एखाद्या पात्राला लख्ख आठवत असेल, तर ते बहुधा ऐकीव आहे. लेखकाला हे ठाऊक असेल तर अशा आठवणीचा सुंदर उपयोग करता येतो, कारण मग ती त्याला कोणी आणि कशासाठी सांगितली, हा नवा प्रश्न उभा राहतो.

कोणाला काय माहीत आहे, याचा तक्ता

सर्वाधिक वेळ द्यावा तो या पायरीला. उभ्या रांगेत सर्व पात्रे आणि आडव्या रांगेत महत्त्वाची वर्षे लिहावीत, आणि प्रत्येक चौकोनात त्या वर्षी त्या पात्राची गुपिताबाबतची स्थिती नोंदवावी. ‘माहीत’ आणि ‘माहीत नाही’ एवढ्या दोनच नोंदी पुरत नाहीत. कोणाला संशय असतो. कोणाला अर्धी गोष्ट ठाऊक असते आणि उरलेली अर्धी त्याने स्वतः रचलेली असते. कोणी खोट्यावर मनापासून विश्वास ठेवलेला असतो. कोणाला सर्व ठाऊक असते, पण दुसऱ्यालाही ते ठाऊक आहे हे ठाऊक नसते. या शेवटच्या प्रकारातून कौटुंबिक कादंबरीतले सर्वांत जिवंत प्रसंग मिळतात, कारण एकाच टेबलाभोवती बसलेली दोन माणसे एकमेकांना वाचवण्यासाठी एकच गोष्ट दडवत असतात.

तक्त्यातल्या प्रत्येक ‘माहीत’ या नोंदीपुढे गप्प राहण्याचे कारण लिहावे, आणि ते कारण पिढीगणिक बदलले पाहिजे. पहिल्या पिढीत थोरला भाऊ घर आणि अब्रू गमावण्याच्या भीतीने गप्प आहे. त्याची मुलगी वडिलांना दिलेल्या शब्दासाठी गप्प राहते. वडील गेल्यानंतर तो शब्द मोडता आला असता, पण तोवर तिने स्वतःच्या मुलाला इतकी वर्षे खोटे सांगितलेले असते की आता तिला स्वतःलाच वाचवायचे आहे. नातवाला केवळ संशय आहे. तो विचारत नाही, कारण उत्तर मिळाले तर काहीतरी करावे लागेल. पणतीला कळते तेव्हा विक्रीचा व्यवहार तोंडावर आलेला असतो, आणि महिनाभर गप्प बसणे तिच्या फायद्याचे असते. भीती, वचन, सोय आणि लोभ अशी ही साखळी आहे. चारही पिढ्या एकाच कारणाने गप्प असत्या, तर एकच पात्र चार वेळा जन्माला आल्यासारखे झाले असते.

सवयींचा वारसा ठरवा

गुपित पुढच्या पिढीला सांगितले जात नाही, पण त्याने लागलेल्या सवयी मात्र पोचतात. सही होताना पाहिलेली मुलगी आयुष्यभर कोणालाही आपल्या वतीने सही करू देत नाही आणि साधी पावतीही दोनदा वाचते. तिचा मुलगा प्रत्येक कागद कपाटात जपतो आणि याला टापटीप समजतो. त्या कपाटाच्या धाकात वाढलेली पणती चिडून काहीच न वाचता सह्या करते. तिघांपैकी एकीलाच मूळ कारण ठाऊक आहे. ज्याचे कारण पात्राला सांगता येत नाही असे किमान एक वागणे प्रत्येक पिढीसाठी निवडावे आणि ते पहिल्या काही प्रकरणांत, कोणतेही स्पष्टीकरण न देता, वाचकाच्या डोळ्यांसमोर घडू द्यावे. निवेदकाने त्याच्याकडे बोट दाखवले की त्याचा परिणाम गेलाच.

खुणा आणि कागदपत्रे

खुणा पेरताना वस्तूंचा इतिहास तपासावा, कारण चाणाक्ष वाचक तो तपासतोच. लॅझ्लो बिरो यांच्या बॉलपेनाचे पेटंट १९३८ चे आहे आणि अशी पेने बाजारात सर्रास मिळू लागली ती १९४० च्या दशकाच्या मध्यानंतर. तेव्हा १९२० च्या पत्रात बॉलपेनाची शाई असेल तर ती लेखकाची चूक ठरते. मात्र हीच माहिती खूण म्हणून वापरता येते. समजा, १९३१ च्या एका कौटुंबिक छायाचित्रात सात माणसे आहेत आणि मागच्या बाजूला बॉलपेनाने सहाच नावे लिहिलेली आहेत. ज्याचे नाव नाही तो तरुण शेजारी होता, असे घरात सांगितले जाते. परंतु ती नावे छायाचित्रानंतर निदान पंधरा वर्षांनी लिहिली गेली आहेत, म्हणजे धाकटा भाऊ नाहीसा झाल्यानंतर कोणीतरी मुद्दाम बसून ती यादी केली. ती कोणी केली, स्वतःहून की सांगण्यावरून, हा प्रश्न एका अख्ख्या प्रकरणाला पुरेल.

जन्माविषयीच्या गुपितांत रक्तगट आणि डीएनए ही हुकमी साधने मानली जातात. ती जपून वापरावीत. पालकांपैकी एकाचा रक्तगट एबी असेल तर मुलाचा ओ असू शकत नाही, हा नियम कथानकांत नेहमी येतो, पण त्याला दुर्मीळ अपवाद आहेत. डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला बॉम्बे रक्तगट नेहमीच्या चाचणीत ओ असल्यासारखा दिसतो, आणि असा रक्तगट असलेले मूल एबी गटाच्या पालकाचेही असू शकते. एखाद्या पात्राने या नियमावरून आईवर घेतलेला संशय खोटा निघणे, ही स्वतंत्र कादंबरीची कल्पना आहे. डीएनएबाबत अंतर लक्षात घ्यावे. आपल्या कथेतली पणती आणि धाकट्या भावाची पणती यांच्यात सरासरी एक टक्क्याहूनही कमी डीएनए समान निघेल, आणि काही वेळा चाचणीला नाते मुळीच सापडणार नाही. अहवाल फार तर दूरचे नाते सांगेल. सहीची गोष्ट त्यातून कळणार नाही.

सांगण्याचा क्रम

एक प्रकरण आजचे, एक प्रकरण भूतकाळातले ही रचना आता इतकी रुळली आहे की वाचक नावडत्या काळाची पाने भराभर उलटतो. ती निवडायचीच असेल, तर दोन्ही काळांना स्वतःचे संकट असले पाहिजे. आजच्या पात्राने केवळ कागद वाचत बसणे पुरेसे नाही. सरळ कालक्रमाने सांगितलेली कथाही उत्कंठा राखू शकते. त्यात वाचकाला सारे ठाऊक असते आणि पात्रांना नसते, त्यामुळे ‘काय घडले होते’ याऐवजी ‘आता हिला कळेल का’ असा ताण निर्माण होतो. माझा कल या दुसऱ्या ताणाकडे आहे: कादंबरीच्या साधारण पहिल्या तृतीयांशात वाचकाला गुपित कळू द्यावे आणि उरलेली पाने ते कळल्यानंतरच्या माणसांना द्यावीत. सहीचा प्रसंग आधीच वाचलेला असेल, तर आजी पावती दोनदा वाचते तेव्हा वाचकाला ते पाहवत नाही. तो प्रसंग शेवटी आला असता, तर तीच पावती नुसता तपशील ठरली असती.

उलगडा

व्यक्तींची खरी ओळख पटण्याच्या प्रकारांची चर्चा करताना ॲरिस्टॉटलने व्रण, गळ्यातले दागिने अशा बाह्य खुणांवर अवलंबून असलेला प्रकार सर्वांत कमी कलात्मक मानला आणि घटनांच्या ओघातून आपोआप घडणारा प्रकार श्रेष्ठ ठरवला. पेटीतले पत्र हा आजचा गळ्यातला दागिनाच आहे. आपल्या उदाहरणात पत्राची गरज नाही. घरविक्रीच्या कागदांवर आजीची सही हवी असते, थरथरत्या हातांमुळे तिला ती जमत नाही, आणि घाईत असलेली पणती सहज म्हणते, “आजी, तुझ्याऐवजी मीच करते.” इथे आजी जे काही बोलेल, ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या कथेतून आलेले असेल. तिने सर्व एका दमात सांगू नये. जाणती माणसे अशा वेळी एखादा बिनमहत्त्वाचा तपशील आधी सांगतात, मधला भाग गाळतात आणि आपल्याला सोयीची बाजू थोडी उजळ करतात.

उलगड्यानंतर किमान दोन-तीन प्रकरणे ठेवावीत. विक्री होते का, धाकट्याच्या वंशजांना शोधले जाते का, आणि ज्या नातवाने आयुष्यभर प्रश्न टाळला त्याला आता काय वाटते, याची उत्तरे न देता पडदा पाडणे ही कामचुकारी आहे.

नावे, वंशवृक्ष आणि फेरलेखन

महत्त्वाच्या पात्रांच्या नावांची आद्याक्षरे वेगवेगळी ठेवावीत. पुस्तकाच्या आरंभी वंशवृक्ष छापायचा असेल, तर त्यात घराण्याने जगाला सांगितलेली माहितीच द्यावी, म्हणजे धाकट्या भावापुढे बालपणीच्या मृत्यूचे खोटे साल असेल. खरा वंशवृक्ष लेखकाच्या टेबलावर राहील.

कथा स्वतःच्या कुटुंबावर बेतलेली असेल, तर हयात माणसांना ती छापण्यापूर्वी दाखवावी की नाही हा प्रश्न टळत नाही. निव्वळ नावे बदलल्याने नातेवाइकांना ओळख पटायची राहत नाही. व्यवसाय, क्रम, पात्रांची संख्या आणि प्रत्यक्ष कृत्य बदलावे लागते. ज्याची बदनामी होऊ शकते अशा हयात व्यक्तीच्या बाबतीत प्रकाशनापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे असते.

पहिला मसुदा पूर्ण झाल्यावर तो सलग वाचण्याआधी पिढीवार वाचावा: प्रथम केवळ मुलीची प्रकरणे, मग नातवाची, मग पणतीची. कोणाच्या वाट्याला नुसती माहिती पोचवण्याचे काम आले आहे, हे लगेच दिसते. अशा पात्राला स्वतःची एखादी इच्छा द्यावी किंवा त्याचे प्रकरण काढून टाकावे. दुसऱ्या वाचनात केवळ संवाद पाहावेत आणि १९३८ मधल्या माणसाच्या तोंडी २०१२ ची शब्दकळा आली असेल तिथे खूण करावी. तिसऱ्या वाचनात तो तक्ता पुन्हा शेजारी ठेवून, प्रत्येक पात्र त्या वर्षी त्याला ठाऊक असलेल्यापेक्षा जास्त तर बोलून गेले नाही ना, हे ओळीओळीने तपासावे. बहुतेक मसुद्यांत अशी दोन-चार वाक्ये सापडतात, आणि ती सहसा लेखकाच्या सर्वांत आवडत्या पात्राच्या तोंडी असतात.