हँडप्रेसला ‘किती टन?’ विचारू नका

भट्टी कशी राखायची, पात्याला पाणी कसं द्यायचं (तापवून एकदम थंड करून ते कडक कसं करायचं) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. इथे विषय सुऱ्या-कोयते करणाऱ्या छोट्या वर्कशॉपमधल्या दोन गोळ्यांच्या हँडप्रेसचा. कुणी त्याला बॉलप्रेस म्हणतं, कुणी फ्लायप्रेस. वर आडव्या दांड्याला दोन जड गोळे; दांडा हाताने फिरवला की उभा स्क्रू फिरतो आणि त्याच्या टोकाचा रॅम, म्हणजे दाबणारा भाग, खाली येतो. नवशिक्याचा घात करते ती एकच समजूत: या यंत्राची ताकद ठरावीक टनांची असते.

नसते. हायड्रॉलिक प्रेसची असते. आर्बर प्रेसमध्येही, म्हणजे दांडा ओढून दातेरी पट्टीने रॅम खाली नेणाऱ्या साध्या प्रेसमध्ये, दांडा जेवढा दाबाल त्या प्रमाणातच जोर मिळतो. हँडप्रेसमध्ये मात्र दांडा फिरवला की ऊर्जा गोळ्यांमध्ये साठते आणि रॅम थांबेपर्यंत ती सगळी खर्च व्हावीच लागते. किती अंतरात खर्च झाली, त्यावर जोर ठरतो. समजा झोक्यात 200 ज्यूल आहेत. तापलेली पट्टी 5 मिमी दबली, तर सरासरी जोर साधारण 4 टन. तीच पट्टी थंडावली आणि 1 मिमीच दबली, तर 20 टन. पट्टी सरकली आणि वरची डाय (माल दाबणारा पोलादी साचा) थेट खालच्या डायवर आदळली, म्हणजे अंतर जेमतेम 0.2 मिमी, तर कागदावरचा हिशोब 100 टनांवर जातो. प्रत्यक्षात बॉडी थोडी ताणते आणि काही ऊर्जा तिथे मुरते. पण बॉडी असते बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. कोल्हापुरात बीड ओतणाऱ्या कुणालाही विचारा, बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. प्रेसच्या सी-आकाराच्या गळ्यात नेमका ताणच येतो. हात तोच, झोका तोच, आणि बॉडी तडकलेली.

पुन्हा सांगतो, कारण हे डोक्याला लगेच कळतं, हाताला कळायला वेळ लागतो. जोर तुम्ही ठरवत नाही, खालचा माल ठरवतो. तुमच्या हातात फक्त झोका आहे. माल गरम आणि जाड असेल तर झोका मोठा, पातळ किंवा थंड असेल तर छोटा. “बसलं नाही, जरा जोरात मार” म्हणणारा मिस्त्री कितीही जुना असो, प्रेसपाशी त्याचं ऐकू नका. बसलं नाही तर पट्टी परत भट्टीत घाला. महिनाभर दांड्याला हात लावू न देणारा उस्ताद परवडला.

स्क्रूवरची स्टॉपर कॉलर, म्हणजे रॅमला ठरावीक उंचीवर अडवणारी कडी, हा उपाय आहे, पण अर्धाच. जाडी 4.5 मिमी हवी असेल तर डायांमध्ये तेवढा तुकडा ठेवून रॅम टेकवा आणि कॉलर आवळा. मात्र पूर्ण झोक्याने कॉलर आपटलीत तर धक्का पुन्हा बॉडीलाच. शेवटचा ठोका कॉलरला जेमतेम शिवेल इतकाच हवा.

आता जिवाची गोष्ट. स्क्रूचे आटे दोन-तीन पदरी आणि मोठ्या चढाचे (एका फेरीत बरंच खाली उतरणारे) असतात, त्यामुळे वर नेलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. डाय बदलताना मध्ये लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय हात आत घालायचा नाही. काम संपलं की रॅम ठोकळ्यावर टेकवून ठेवायचा. गोळे डोक्याच्या उंचीवर फिरतात, म्हणून जमिनीवर रंगाने वर्तुळ आखा. चहा घेऊन येणारा पोऱ्यासुद्धा त्याच्या बाहेरच थांबला पाहिजे.

जुना प्रेस घेताना रंगाला भुलू नका. गळ्याच्या आतल्या कोपऱ्यात रॉकेल लावा, कोरडं पुसा, वर खडूची भुकटी टाका. भेग असेल तर ओली रेघ उमटते. बिडाला वेल्डिंग केलेलं दिसलं तर किलोच्या भावातही घेऊ नका.

सुरुवात ॲल्युमिनियमवर करा. 10 मिमी जाडीचे सारखे तुकडे कापा, प्रत्येकाला पाव फेरीचा एकच ठोका द्या, व्हर्नियरने मोजा. पाच तुकड्यांतला फरक 0.2 मिमीच्या आत आला की मग पोलाद. पहिले पंधरा-वीस तुकडे वेडेवाकडे दबणारच, त्यात तुमचा दोष नाही.

गरम कामात ट्रकच्या पाट्याची (लीफ स्प्रिंगची) पट्टी नारिंगी असताना ठोका. मंद लाल झाली की थांबा. डाय 25 मिमी रुंद पुरे. 75 मिमीच्या डायखाली तीच ऊर्जा पसरते आणि पट्टी ढिम्म हलत नाही. ठोक्यानंतर रॅम उसळतो, त्याला उसळू द्या. दाबून धरलात तर थंड डाय पट्टीची उष्णता पिऊन टाकते. एका तापात तीन-चार ठोके, बास. गाडीच्या जॅकपासून केलेले स्वस्त प्रेस मला पटत नाहीत ते याचसाठी. त्यांचा दाब इतका सावकाश येतो, की तोवर पट्टी थंड झालेली असते.

भोकं पाडताना तोच सापळा दुसऱ्या रूपात येतो. पंच आरपार गेला की विरोध एकदम संपतो आणि उरलेली सगळी ऊर्जा कॉलरवर येते. म्हणून भोक पडेल इतकाच, लहानात लहान झोका. 3 मिमी नरम पत्र्याला पंच आणि डायमध्ये प्रत्येक बाजूला 0.15 ते 0.2 मिमी फट ठेवा. पंचाचा व्यास जाडीपेक्षा कमी नको, नाहीतर पंचच मोडतो.

पाणी दिलेल्या पात्यावर झोका नाही. कधीच नाही. वाकलेलं पातं सरळ करायला माझ्या मते आर्बर प्रेसच बरा, कारण विरोध हाताला कळतो. तो नसेल तर हँडप्रेसचा दांडा दोन्ही हातांनी धरून, न झोकता, इंचाइंचाने फिरवा. 200 अंश सेल्सिअसवर टेंपर केलेलं (ठिसूळपणा उतरवायला पुन्हा तापवलेलं) पातं ओव्हनमधून काढल्याबरोबर घ्या. खाली 100 मिमी अंतरावर दोन पितळी आधार, वर मध्ये एक पितळी टोक. पातं परत उसळतं, म्हणून बाकापेक्षा थोडं जास्त दाबावं लागतं. दाबा, सोडा, सरळ पट्टीला लावून बघा, पुन्हा दाबा. थंड पडलं तर परत ओव्हनमध्ये, पण तापमान 200 च्या वर नको. मध्येच बारीक ‘टिक’ ऐकू आलं तर भेग शोधत बसू नका, ते पातं भंगारात टाका.